जमिनीवर नांगरलेली होडी

सव्वाअकरा वाजले तेव्हा मोगरी माझ्या हातात होती, शेवटची पाचर माझ्या पायाशी होती आणि साठ-सत्तर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. भाद्रपदातली पुनव होती. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूचा हार घातला होता, नारळ फोडून झाला होता, गुरुजींनी मंत्र आटोपून घड्याळाकडे पाहिलं होतं. दोन्ही बाजूंच्या दोरांवर माणसं पाय रोवून उभी होती. आता मी लाकडी मोगरीचा एक घाव घालायचा, पाचर उडायची आणि पंचेचाळीस फुटांची 'जाखमाई' तेल चोपडलेल्या ओंडक्यांवरून खाडीत उतरायची, एवढंच बाकी होतं.

"मार गो बाय," धर्माकाका म्हणाले. होडी त्यांची. धर्माजी जाक्कर, निवेबंदरातले मोठे मच्छीमार.

मी मोगरी खाली टेकवली. "नाय मारत, काका. पानी कमी हाय."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. माझे वडील अर्जुन मेस्त्री होड्या बांधायचे आणि त्यांच्या हाताखाली मी बांधायचे. आईमागे आम्ही दोघंच. मुलीच्या जातीने रंधा मारावा का, यावर गावात दहा वर्षं चर्चा झाली होती आणि मी दहा वर्षं रंधा मारला होता. बाबांच्या होड्या हलक्या, असा साऱ्या खाडीत लौकिक होता. दुसऱ्यांच्या होडीला शंभर माणसं लागायची तिथे बाबांची चाळीस माणसांत सरकायची. लोक म्हणायचे, मेस्त्री लाकडातून वजन काढून घेतो. मला त्या लौकिकाचा फार अभिमान होता, आणि अभिमान लपवून ठेवण्याचा गुण माझ्यात आजही नाही.

शेवटची पाचर मेस्त्रीनेच काढायची असा रिवाज आहे. मालकाने नाही, गुरुजींनी नाही. बाबांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. म्हणून त्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांनी मोगरी उचलली, एकवार पाहिली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली.

घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. आमच्या कारखान्यासमोर, ओंडके संपतात तिथे, पाण्याखाली कातळाचा आडवा पट्टा आहे. आम्ही त्याला उंबरा म्हणतो. उंबऱ्यापलीकडे खोल पाणी. होडी उंबरा ओलांडून गेली तर गंगेत घोडं न्हालं. पण मध्येच टेकली, तर ओहोटीला खालचं पाणी निघून जातं, दोन्ही टोकांचं वजन लोंबतं आणि होडीचा कणा मोडतो. मोडलेल्या कण्याची होडी फक्त जळणाला उपयोगी पडते. बाबांच्या हलक्या होड्या उंबऱ्यावरून अलगद जायच्या. पण 'जाखमाई'त धर्माकाकांनी सहा सिलिंडरचं इंजिन आमच्याच अंगणात बसवून घेतलं होतं आणि वर फळ्या ठोकून झाल्या होत्या. ती आमच्या आजवरच्या सगळ्या होड्यांपेक्षा वीतभर खोल बसणार होती.

आणि पुनवेला तेवढं पाणी येत नाही, हे मला ठाऊक होतं.

उंबऱ्याच्या अलीकडे एक जुना सागाचा खुंट पुरलेला आहे. उधाणाचं पाणी जिथवर चढेल तिथे बाबा पटाशीने बारीक खाच पाडायचे. शेजारी तिथीची खूण. पुनवेला गोल, अवसेला फुली, बीजेला दोन रेघा, तिजेला तीन. वर्षानुवर्षांच्या खाचा होत्या. हे कशासाठी, असं विचारलं की बाबा म्हणायचे, सवय. सुट्टीत बाकीच्या मुली सागरगोटे खेळायच्या आणि मी खुंट वाचायचे. गोल आणि फुल्या नेहमी खाली. दोन आणि तीन रेघा नेहमी वर. एखाद-दुसऱ्या वर्षी नव्हे, दर वर्षी.

पंधरा दिवस आधी मी हे धर्माकाकांना सांगून पाहिलं होतं. ते ओटीवर जाळं विणत बसले होते. उधाण पुनवेला नसतं तर काय एकादशीला असतं, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकातही तसंच छापलेलं होतं, तेही त्यांनी मला आणून दाखवलं. पुनवेला आणि अवसेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, दोघं मिळून समुद्राला ओढतात, म्हणून पाणी जास्त. अष्टमीला दोघं काटकोनात ओढतात, म्हणून भांगाचं पाणी, कमी. पुस्तक खरं आहे, मी म्हटलं, पण अपुरं आहे.

"काका, ऊन डोक्यावर कधी येतं?"

"बाराला."

"आन घाम जास्ती कधी येतो?"

त्यांनी विणायची सुई थांबवली. "दोन-अडीचला."

"तसंच पान्याचं हाय. चंद्र ओढतो पुनवेला. पन एवढा थोरला दर्या, तो काय हाक मारल्याबरोबर उठतो? त्याला दोन दिस लागतात. खरं पानी बीजेला."

हे त्यांना पटलं असावं, कारण ते चिडले. बीजेचं मला काय सांगतेस, पुनवेच्या दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागतो, पितरांच्या पंधरवड्यात कोण नवी होडी लोटतं, असं म्हणाले. मग नवरात्रातल्या बीजेला लोटा, मी म्हटलं, अवसेचं उधाण तेव्हा येईल. पंधरा दिवसांत माझे आठ खलाशी दुसऱ्याच्या होडीवर चढतील आणि हंगामाचं तोंड निघून जाईल, ते म्हणाले. शिवाय तुझ्या बापाने मला पुनवेचा शब्द दिलाय, तू कोण मधे बोलणारी. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते नुसतं हं म्हणाले आणि पटाशीला धार लावत बसले.

तर अशी ती पुनव. दोर धरलेली माणसं चुळबुळ करायला लागली. मी पूजेच्या तबकातलं कुंकू घेतलं, गुडघाभर पाण्यात शिरले आणि खुंटावर आडवी रेघ ओढली.

"पानी हितवर आलं की मी पाचर काढते," मी म्हटलं. "त्याच्या आत नाय."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पाणी आता चढायचं ते दहा-पंधरा मिनिटंच चढणार होतं. धर्माकाका खुंटाशी येऊन उभे राहिले. पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. हारातलं एक झेंडूचं फूल गळून पाण्यात पडलं होतं आणि हळूहळू जमिनीकडे येत होतं. सगळे त्या फुलाकडे बघत राहिले. फूल खुंटापाशी आलं, थांबलं, जागच्या जागी एक गिरकी घेतली. मग ते उलटं फिरून समुद्राकडे निघालं. रेघेखाली चार बोटं लाकूड कोरडंच होतं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला. पण धर्माकाकांना तेवढं पुरेसं वाटेना. सत्तर माणसं चार बोटांसाठी अडतात काय, ओढून काढू, असं ते म्हणाले आणि दोरावरच्या दोघातिघांनी मान हलवली. अर्जुन मेस्त्रीने अशा किती होड्या ओढून नेल्या आहेत, ते म्हणाले. त्या हलक्या होत्या, मी म्हटलं. मग ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि बाबांकडे वळले.

"मेस्त्री, तुम्ही शब्द दिला होता."

बाबा एका ओंडक्यावर बसले होते. उजवा हात डाव्या हातात धरलेला. मला वाटलं, आता ते उठतील, माझ्या हातून मोगरी घेतील आणि थरथरत्या हाताने का होईना घाव घालतील. तसं झालं असतं तर मी त्यांना अडवू शकले नसते. 'जाखमाई' गेली असती आणि तिच्याबरोबर आमच्या कारखान्याचं नावही गेलं असतं. बाबा उठले, पण माझ्याकडे आले नाहीत.

"धर्मा," ते म्हणाले, "तुझा बापूस बोटीवर कामाला जायचा, मुंबईस. निघायच्या दिवशी दिस वाईट असला तर काय करायचा रे?"

"काय करायचा म्हंजे? पस्ताना ठेवायचा."

हा आमच्याकडचा जुना रिवाज. प्रवासाला निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपलं एखादं गाठोडं, नाहीतर नुसती काठी, वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची. तेच प्रस्थान, आमच्या बोलीत पस्ताना. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग तो दोन-तीन दिवसांनी गेला तरी त्याचा मुहूर्त पहिलाच धरतात.

"मग होडीचा पस्ताना ठेव," बाबा म्हणाले. "नांगर उचला."

धर्माकाकांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं आणि प्रस्थानाला तीन दिवसांपर्यंत बाध नाही असं सांगितलं. शास्त्र काय असेल ते असो, त्यांनाही जेवायला घरी जायचं होतं.

मुहूर्ताची पाच-सहा मिनिटं उरली होती. चौघांनी 'जाखमाई'चा नांगर खांद्यावर घेतला, छातीभर पाण्यातून उंबरा ओलांडला आणि पलीकडच्या खोल पाण्यात सोडला. त्याचा दोर आणून होडीच्या नाळेला बांधला. होडी अंगणात आणि तिचा नांगर खाडीत. असं दृश्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

निघताना धर्माकाका माझ्यापाशी थांबले. "आन बीजेला तुझं पानी आलं नाय तर?"

"तर ही मोगरी तुमच्या ओटीवर आनून ठेवीन," मी म्हटलं. "परत होडीला हात लावनार नाय."

हे मी विचार करून बोलले नव्हते. पण बोलून झाल्यावर मागे घ्यावंसंही वाटलं नाही. मला होड्या बांधण्याशिवाय काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं वाटतही नव्हतं. तरी मी ते पणाला लावलं, कारण खुंटावरच्या खाचा मी लहानपणापासून वाचत आले होते.

पुढचे दोन दिवस गावाने आमची यथेच्छ टर उडवली. अर्जुन मेस्त्रीची होडी जमिनीवर नांगरलीय, वाऱ्याने वाहून नको जायला, असं विहिरीवर बायका म्हणाल्या. शाळेतली पोरं रांगेने बघून गेली. मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मी ढाराढूर झोपले. जागे राहिले ते बाबा. मी उठायचे तेव्हा ते खुंटापाशी बसलेले असायचे.

प्रतिपदेला पाणी पुनवेपेक्षा दोन बोटं वर आलं. कुंकवाला अजून दोन बोटं कमी. बाबांनी खाच पाडली. संध्याकाळी धर्माकाका येऊन खाच बघून गेले. त्या रात्री त्यांच्या घरून भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी आली.

बीजेला दोनची पाऊणपट दीड. बारालाच मी ओंडक्यांना नवं तेल चोपडलं. पितृपक्षात नको म्हणून बरीच माणसं आली नव्हती. दोरावर वीसेक जण होते. बाकीचे मजा बघायला बांधावर बसले होते. पाणी ओंडक्यांत शिरलं. सव्वाला ते पुनवेच्या खाचेवर होतं, आणखी थोड्या वेळाने प्रतिपदेच्या. पुढची दोन बोटं चढायला फार वेळ लागला, म्हणजे मला तसं वाटलं. मी डोळे रोखून लाटांकडे बघत होते. मग एक सपाट, चकचकीत पाणी आलं आणि कुंकवाची रेघ ओली झाली. पुढच्या पाण्याने ती पुसट केली. त्याच्या पुढच्याने धुऊन टाकली. बांधावरची माणसं उठली आणि येऊन दोरांना लागली.

मला तेवढ्याने भागवायचं नव्हतं. मी आणखी एक बोट चढू दिलं, मग आणखी एक. धर्माकाका माझ्याकडे बघत होते, पण मार म्हणाले नाहीत. मी मोगरी उचलली आणि घाव घातला.

पाचर उडाली. 'जाखमाई' कुरकुरली, हातभर सरकली, मग स्वतःच्या वजनाने निघाली. दोर धरणाऱ्यांना तिच्यामागे पळावं लागलं. उंबऱ्यावरून जाताना तिने हूं की चूं केलं नाही. मग ती पलीकडे होती, तरंगत, किंचित डोलत, आपल्या आधीच येऊन बसलेल्या नांगराशेजारी. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. जे हसले होते त्यांनी ते नीट पाहावं असंही वाटलं.

धर्माकाका पोहत जाऊन होडीवर चढले, इंजिन सुरू केलं आणि तासभर खाडीत वर-खाली फिरत राहिले. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, की माझा धाकटा भाऊ पुढल्या साली होडी बांधतोय, त्याला लोटायचा दिवस तूच काढून दे. आज मी साठीला आले. आमच्या खाडीत आता सगळेच पूजा पुनवेला घालतात, नांगर पाण्यात ठेवतात आणि होडी बीजेला लोटतात. नव्या पोरांना वाटतं, हा रिवाज बापजाद्यांपासून आहे. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर बाबा पटाशी घेऊन खुंटाशी गेले. मीही गेले. पाणी कधीच उतरलं होतं. उंबऱ्याचा काळा कातळ उघडा पडला होता. बाबा त्याकडे बघत म्हणाले, "हितंच मोडली."

"काय मोडलं?"

"माझी दुसरी होडी. तू जन्मायच्या आदी. पुनवेला लोटली, हितं टेकली. सांजपर्यंत कणा गेला. मी सगळ्यांना सांगितलं, तेल कमी पडलं. तेल लावणारा गडी बिचारा गाव सोडून गेला."

मी खुंटावरची सगळ्यात जुनी खाच चाचपली.

"त्याच साली हा खुंट पुरला. काय चुकलं ते बघायला. पाच-सहा वर्सांत कळलं. पुनवेचं पानी खरं नाय, बीजेचं खरं."

"तुम्हाला ठाव होतं?" मी विचारलं. "मग एवढी वर्षं सांगितलं का नाय?"

"मालक पंचांग घेऊन येतो, मुहूर्त काढून येतो. त्याला नाय म्हनायला तोंड लागतं, गो. मला नव्हतं." त्यांनी खुंटावरून हात फिरवला. "मग मी होड्याच हलक्या करत गेलो. पुनवेच्या पान्यात जातील अशा."

ज्या लौकिकाचा मी आयुष्यभर तोरा मिरवला होता, तो असा तयार झाला होता. मला त्यांचा राग आला. गाव सोडून गेलेल्या त्या गड्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, तरी त्याच्यासाठी राग आला. आणि त्याच वेळी त्या एवढ्या सगळ्या खाचा एकट्याने पाडणाऱ्या माणसाची इतकी कणव आली की मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले.

बाबांनी पटाशी लाकडाला लावली आणि त्या दिवसाची खाच पाडली. सरळ, एका दमात. हत्यार लाकडाला लागलं की त्यांचा हात थरथरायचा थांबतो, हे मी विसरूनच गेले होते.

"बाबा," मी म्हटलं, "मग परवा मोगरी माझ्याकडे का दिलीत? तुम्हालाच मारता आली असती."

"म्हनून तर दिली," ते म्हणाले. "माझ्या हातात असती तर धर्मा मार म्हनाला असता, आन मी मारली असती."

त्यांनी पटाशी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि खाचेशेजारी दोन रेघा कोरल्या.